जिथे मी गाणं थांबवायचो

आमच्या दुकानातल्या टेपरेकॉर्डरची सगळी बटणं अजून शाबूत आहेत. प्ले, स्टॉप, रिवाइंड, सगळ्यांवरची पांढरी चिन्हं नीट वाचता येतात. पॉजच्या बटणावर मात्र काहीही उरलेलं नाही. ते झिजून गुळगुळीत झालंय आणि त्याला मधोमध माझ्या अंगठ्याएवढा खड्डा पडलाय. हे श्रेय सर्वस्वी माझं, त्यात कुणी वाटेकरी नाही.

मला जुनी गाणी आवडतात असं मी आयुष्यभर सांगत आलोय. वहिनींचं म्हणणं वेगळं आहे. त्यांच्या मते मला जुन्या गाण्यांचा अर्थ सांगायला आवडतो आणि मध्ये मध्ये थोडं गाणं वाजलं तर माझी हरकत नसते. बाजारात मला अर्थमंत्री म्हणतात. आधी मला वाटायचं की हा मान आहे. मग एकदा शेजारच्या चपलांच्या दुकानदाराने मला येताना पाहून आपल्या गिऱ्हाइकाला सांगितलं, "पळा, अर्थसंकल्प मांडायला आले," तेव्हा माझ्या डोक्यात थोडा प्रकाश पडला. पण थोडाच. त्या गिऱ्हाइकाला गाठून मी एक कडवं समजावलंच.

दुकान चौकटींचं आहे. लोक फोटो, प्रमाणपत्रं, आजीने केलेलं भरतकाम असं काहीबाही घेऊन येतात आणि आम्ही त्याला लाकडी चौकट नि काच बसवून देतो. आम्ही म्हणजे दादा, माझा थोरला भाऊ. मागच्या खोलीत तो पट्ट्या कापायचा, कोपरे जुळवायचा, हिऱ्याने काचेवर एक रेघ ओढून ती हलकेच दाबायचा, की काच मुकाट्याने दोन भागांत वेगळी व्हायची. मी पुढे काउंटरवर बसून गिऱ्हाइकाशी बोलायचो आणि टेप लावायचो. कामाची अशी वाटणी आमच्या वडिलांनीच केली होती. माझ्या हातात काच देऊन त्यांनी एकदा पाहिली होती, आणि एकदाच.

माझी पद्धत ठरलेली होती. गाण्याच्या पहिल्या एकदोन ओळी ऐकायच्या, अंगठा पॉजवर, आणि मग अर्थ. अर्थ सांगून झाला की पुढची ओळ. गिऱ्हाईक पिशवी या हातातून त्या हातात घेत उभं असायचं. सुटकेचा मार्ग मागच्या खोलीतूनच यायचा, दादा काम संपवून चौकट पुढे आणून ठेवायचा आणि म्हणायचा, "झालं." एवढंच. दादा मुळात कमी बोलणारा. घरातलं सगळं बोलणं माझ्या वाट्याला आल्यामुळे त्याच्यासाठी उरलंच नसावं.

माझं लग्न झालं नाही. एकदा जमत आलं होतं, पण तिला मी एक गाणं संपूर्ण समजावून सांगितलं. त्यामुळे मी दादा-वहिनींच्याच घरी राहतो, दुकानाच्या वरच्या मजल्यावर, जिन्याशेजारच्या खोलीत.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मागच्या खोलीतून काच पडल्याचा आवाज आला. दादाच्या हातून काच कधी पडत नसे, म्हणून मी गाणं तसंच चालू ठेवून आत धावलो. तो जमिनीवर बसला होता. उजवा हात मांडीवर पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. "दादा, काय झालं?" म्हणून विचारलं, तर तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तेते."

अर्धांगाचा झटका होता. पाय दोनतीन आठवड्यांत बराचसा सुधारला, हातही थोडा हलू लागला, पण वाचा गेली ती गेलीच. त्याला सगळं समजत होतं. वर्तमानपत्रातला मथळा वाचून तो कपाळाला आठी घालायचा, कुणी विनोद केला तर हसायचाही. पण बोलायला गेलं की एकच शब्द बाहेर पडायचा. पाणी हवं असलं तरी "तेते", खिडकी लावायची असली तरी "तेते", आणि डॉक्टरांना शिवी द्यायची असली तरी "तेते". या शेवटच्याचा सूर मात्र ओळखता यायचा.

आता घरात अर्थ सांगणारा हक्काचा माणूस असताना हा शब्द तसाच कसा सोडायचा? दादाने "तेते" म्हटलं की मी लगेच पुढे व्हायचो. "तो म्हणतोय, उशी उंच करा." उशी उंच व्हायची. दादा मान हलवायचा. "म्हणजे, अजून उंच." शेवटी तो जवळजवळ बसता झाला, तेव्हा त्याने ती उशी डाव्या हाताने ओढून काढली आणि मला फेकून मारली. त्याला फक्त चष्मा हवा होता. आल्यागेल्यांचंही तेच. तो तोंड उघडायचा अवकाश, की प्रत्येकजण त्याच्या तोंडात आपापला शब्द घालायचा. मग त्याने प्रयत्नच सोडून दिला. भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. कुणी आलं तरी वळेना.

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. आयुष्यभर ज्याला मी जमेतही धरलं नव्हतं, ते दादाचं "झालं" पुन्हा कधीच ऐकू येणार नाही, याची.

दवाखान्यातून एक बाई घरी येऊ लागल्या. वाचा गेलेल्यांना बोलतं करायचं, हे त्यांचं काम. वयाने लहान, केस आखूड, आणि बोलणं असं की एक शब्द जास्त नाही. माझं आणि त्यांचं जमणार नाही, हे मला उंबरठ्यातच कळलं. त्या म्हणाल्या, "सुरुवातीचे महिने महत्त्वाचे असतात. यांनी प्रयत्नच सोडला तर मग अवघड आहे. यांना गाणी येतात का?"

मी खुर्ची ओढून बसलो. "गाणी? बाई, या घरात जुन्या गाण्यांचा जो अभ्यास झालाय..."

"काका, पाठ येतात का?"

"दादाने कित्येक वर्षं ऐकलीत. पण ऐकणं वेगळं आणि समजणं वेगळं. आता एक उदाहरण देतो..."

"उदाहरण नको. एक गाणं सांगा. मी म्हणते." मग त्यांनी समजावलं, तेही वहिनींकडे बघून. बोलणं आणि गाणं मेंदूच्या एकाच कोपऱ्यातून येत नाही. बोलण्याची वाट बंद झाली तरी कधी कधी गाण्याची उघडी राहते. त्या वाटेने आत शिरून हळूहळू बोलण्यापर्यंत जाता येतं. कधी कधी.

मी माझं सर्वांत लाडकं गाणं सुचवलं. माझी कीर्ती या गाण्यावरच उभी आहे. जुन्या काळातल्या एका विसरल्या गेलेल्या गायिकेने म्हटलेलं, जेमतेम तीन कडव्यांचं. बाईंनी फोनवर ते एकदा ऐकून घेतलं, दादाचा डावा हात आपल्या हातात घेतला, त्यावर ताल धरला आणि गुणगुणायला सुरुवात केली. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा दादाने मान भिंतीकडून वळवली. तिसऱ्यांदा त्याचे ओठ हलले, आणि थोडा घोगरा पण अगदी स्पष्ट आवाज आला:

*जाताना दार ओढून घे,*
*कडी मी लावणार नाही...*

शब्दन् शब्द. "तेते" नाही, काही नाही. वहिनींनी दाराची चौकट घट्ट धरली. मी तर हमसून रडलो. मला लाज वगैरे वाटली नाही. दादा स्वतःच दचकला होता. आपलाच आवाज कुणी परत आणून दिल्यासारखा तो बाईंकडे बघत होता.

पण तो तिथेच थांबला. बाईंनी पुढची ओळ गुणगुणली, पुन्हा सुरुवातीपासून घेतलं, ताल बदलला, पण दादा कडीपर्यंत यायचा आणि गप्प. दुसऱ्या दिवशी दुसरं गाणं घेतलं. त्यातही पहिली ओळ आली आणि थांबला. तिसऱ्यात दोन ओळी, आणि थांबला. थांबला की तो चेहरा वर करून समोर बघत राहायचा.

बाई गोंधळल्या. असं त्यांनी आधी पाहिलं नव्हतं. शब्द अडखळतात, चुकतात, पण हा माणूस न अडखळता येतो आणि ठरावीक जागी ब्रेक लागल्यासारखा उभा राहतो. मी माझा सिद्धांत मांडला. "बाई, ही प्रत्येक ओळ आशयाने इतकी भरलेली आहे की दादाच्या मनाला ती पेलत नाही. आता ही कडीच घ्या. कडी म्हणजे..."

मी कडीचा अर्थ सांगितला. बराच वेळ सांगितला. आणि माझं संपल्यासंपल्या पलंगावरून आवाज आला:

*रुसलेली दिसले तरीही*
*मी मागे धावणार नाही...*

दादा पुन्हा थांबला होता आणि पुन्हा माझ्याकडे बघत होता.

वहिनी दारातून म्हणाल्या, "भावजी, इथे तुम्ही पॉज दाबता ना?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या पहिल्यांदाच थोड्या हसल्या. "काका, तुम्ही कधीच अर्थ सांगत नाही असं एखादं गाणं आहे का?"

असं एक होतं. ज्याला मी गाणं मानतच नाही, असं एक फालतू गाणं त्याच कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला होतं. *छत्री माझी उसनी नेली, परत कधी तू देशील रे.* त्यात समजावण्यासारखं काही नाही. छत्री नेली, दिली नाही, संपलं. ते लागलं की मी चहा सांगायला बाहेर जायचो. बाईंनी सूर धरला आणि दादाने ते गाणं, माझ्यासमोर, एकही ठिगळ न लागता, शेवटच्या "छत्रीवाल्या"पर्यंत म्हणून दाखवलं. वर डाव्या हाताने ताल दिला.

मग बाईंनी मला दुकानातून मोजपट्टी आणायला पाठवलं. मोजपट्टीचं त्या खोलीत काय काम, हे मला जिन्यावर सुचलं नाही. परत आलो तर वहिनी डोळे पुसत होत्या. "तुमचं ते कडीचं गाणं पूर्ण म्हटलं त्यांनी," त्या म्हणाल्या. "न थांबता."

म्हणजे प्रकरण असं होतं. आजार डोक्यातल्या रक्ताच्या गाठीचा होता, हे खरंच. पण गाण्यातली गाठ मी होतो. इतकी वर्षं माझा भाऊ मागच्या खोलीत काच कापत असताना ऐकत होता, आणि त्याच्या मनात ती गाणी माझ्यासकट पाठ झाली होती. दोन ओळी, मग धाकट्याचं भाषण, मग पुढच्या दोन ओळी. मी समोर असलो की तो माझी पाळी आल्यावर थांबायचा. सभ्य माणूस आहे.

माझ्या जागी दुसरा कुणी असता तर शरमेने अर्धा झाला असता. मी उलट फुलून आलो. "म्हणजे बाई, माझं निरूपण हेच औषध झालं की!" दोन दिवस मी औषधासारखा दिवसातून तीनदा गेलो. दादा दोन ओळी म्हणायचा, मी आत्मा, देह, मोह, मुक्ती सगळं ओतायचो, दादा पुढच्या दोन म्हणायचा. शेवटच्या कडव्याच्या आधी माझं सर्वांत लांब भाषण असतं. ते संपेपर्यंत दादाला झोप लागायची. मला वाटलं, उपचार छान चाललाय.

तिसऱ्या दिवशी बाईंनी मला जिन्यात गाठलं. "काका, असं चालणार नाही."

"का? म्हणतोय की तो."

"पाठ असलेलं म्हणणं म्हणजे बोलणं नव्हे. तुम्ही नसलात तर ते सगळं गाणं म्हणतात, पण ते नुसतं पाठांतर. तुम्ही असलात की थांबतात आणि तुमच्याकडे बघतात. ती थांबण्याची जागा मला हवी आहे. तिथे माणूस दुसऱ्या माणसाची वाट बघतोय. बोलणं तिथून सुरू होऊ शकतं." त्या जरा थांबल्या. "पण त्या जागेवर तुम्ही बसलेले असता."

"मग मी खाली थांबू का?"

"नाही. तुम्ही समोरच बसायचं. आणि गप्प राहायचं."

हसू नका. ज्यांना गप्प बसता येतं त्यांना यातलं संकट कळणार नाही. मी समोरच्या स्टुलावर बसलो. दादाने दोन ओळी म्हटल्या आणि तो थांबला. माझ्याकडे बघू लागला. मी त्याच्याकडे बघू लागलो. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलला हवा भरत होतं, तो आवाज मी मन लावून ऐकला. दादा बघतच होता. माझ्या घशाशी कडी आली, तिच्यामागून मोह आला, आणि मी म्हणालो, "आता ही कडी म्हणजे..." बाईंनी कपाळावर हात मारला. दादाने पुढची ओळ म्हटली.

दुसऱ्या दिवशी मी खोकलो. खोकल्याआडून "मोह" निसटला. तिसऱ्या दिवशी मी फक्त हातवारे केले, पण आत्मा देहातून निघतो हे मी हातांनी इतकं छान दाखवलं की दादाला तेवढं पुरलं. चौथ्या दिवशी मला उपाय सापडला. चौकटीला मागून पुठ्ठा ठोकताना दादा बारीक खिळे ओठांत धरायचा, म्हणजे एकेक काढून ठोकता यायचा. मी दुकानातून मूठभर खिळे आणले आणि ओठांत धरून बसलो. आता बोललो असतो तर दवाखान्यात माझ्यासाठी पलंग लागला असता.

पण गप्प बसण्यानेही काम होईना. दादा थांबायचा, वाट बघायचा, आणि मी काहीच बोलत नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा हळूहळू उतरायचा. कदाचित त्याला वाटत असेल की मी रुसलोय. किंवा मलाही काही झालंय. एके दिवशी त्याने "तेते" म्हणून मला विचारल्यासारखं केलं, मी ओठांतल्या खिळ्यांसकट मान हलवली, आणि तो भिंतीकडे तोंड करून झोपला. बाईंनी सूर धरला तरी वळला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जाताना बाई हळूच म्हणाल्या, "असंच राहिलं तर मग मला जबरदस्ती करता येणार नाही."

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेलो. वहिनी भांडी घासत होत्या. मी म्हणालो, "बाईंची पद्धत चुकतेय. मी बोलत होतो तेव्हा तो निदान गात तरी होता. उद्यापासून पुन्हा..."

वहिनींनी नळ बंद केला. त्या माझ्यावर कधी चिडत नाहीत. माझ्या अर्थांवर हसतात, एवढंच. पण त्या दिवशी त्या हसल्या नाहीत. "भावजी, इतकी वर्षं या घरात मी तुमचंच ऐकतेय. माझी तक्रार नाही. पण मला आता त्यांच्या तोंडचा एक शब्द ऐकायचाय. चुकीचा असला तरी चालेल. पाठ केलेला नको, आणि तुम्ही त्यांच्या वतीने सांगितलेलाही नको. एकच, त्यांचा स्वतःचा. तो मिळेपर्यंत तुम्हाला गप्प बसवत नसेल तर तसं सांगा, मी तुमच्या तोंडाला चिकटपट्टी लावते."

मी खोलीत जाऊन बसलो. मला स्वतःचा राग आला, हे सांगायला हवं. राग यासाठी की वहिनींचं ऐकतानाही माझं अर्धं लक्ष, यावर आपण काय उत्तर द्यायचं, याकडेच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई आल्या. दादा भिंतीकडे तोंड करून पडलेला. मी स्टूल उचललं आणि पलंगाच्या पलीकडे, भिंत आणि पलंग यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, कसाबसा अंग चोरून बसलो. आता तो भिंतीकडे वळला तरी समोर मीच. गुडघे छातीशी, ओठांत खिळे. दादाने डोळे उघडले, मला तिथे कोंबलेला पाहिला आणि त्याच्या ओठांचा उजवा कोपरा, तो ओढलेलाच, जरा हलला. बाईंनी लगेच त्याचा डावा हात धरून ताल सुरू केला.

*जाताना दार ओढून घे,*
*कडी मी लावणार नाही...*

थांबला. माझ्याकडे बघू लागला.

मी त्याच्याकडे बघितलं. मनात म्हटलं, आज या कडीचा अर्थ मला माहीतच नाही. मला काहीच माहीत नाही. मी गिऱ्हाईक आहे, हातात पिशवी आहे, आणि मी वाट बघतोय. पाय आखडले. बाईंनी ताल थांबवला होता. वहिनी दारात होत्या.

दादाच्या कपाळावर घाम आला. ओठ जुळले, सुटले. "ते," तो म्हणाला. मान हलवली, जोरात, रागाने. पुन्हा ओठ जुळवले.

"पु... पुढे."

वहिनींच्या तोंडून हुंदका फुटला. मी उठायला गेलो, तर दादाने डावा हात बाईंच्या हातातून सोडवला आणि पंजा माझ्या तोंडासमोर धरला. मी बोलणार असं त्याला वाटलं. त्याचं काही चुकलं नाही.

"पुढे... ऐक."

आणि तो गायला लागला. रुसलेली, धावणार नाही, मग दुसरं कडवं. हात माझ्या तोंडासमोर तसाच. दुसऱ्या कडव्यानंतर माझं ते सर्वांत लांब भाषण असतं. जाणारा म्हणजे जीव, दार म्हणजे देह, आणि गेलेला जीव परत येत नाही, म्हणून कडी लावली काय नि न लावली काय. इथे मी आवाज खाली आणतो, गिऱ्हाईक घड्याळ बघतं. या भाषणाच्या भरात पॉज सोडला तरी मी बोलतच राहायचो आणि तिसरं कडवं नेहमी मागे वाजत राहायचं. ते मी हजारदा ऐकलं होतं, आणि आता दादाच्या घोगऱ्या आवाजात पहिल्यांदा ऐकलं:

*उजाडता दार करकरले,*
*कोण ते विचारले नाही;*
*भिजलेल्या पायी तू आलास,*
*मी काही बोलले नाही.*

दादा दमून उशीवर टेकला. हात खाली घेतला.

मी त्या फटीत बसून राहिलो. तो परत येतो. चक्क परत येतो, गाण्यातच, तिसऱ्या कडव्यात, पाय भिजवून. आत्म्याचे पाय भिजत नाहीत, एवढं मलाही कळतं. इतकी वर्षं, इतकी गिऱ्हाइकं, एक मोडलेलं लग्न, आणि अर्थमंत्र्यांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलेलंच नव्हतं. दादाला हे नक्की केव्हापासून माहीत होतं, कोण जाणे. मी चहा सांगायला बाहेर जात असेन तेव्हा तो मागच्या खोलीतून पुढे येऊन ते पूर्ण लावत असेल. मला कधी बोलला नाही. बोलायला मी जागा ठेवली असती तर ना.

दादा माझ्याकडे बघत होता. दमला होता, पण डोळ्यांत अगदी जुनी, ओळखीची खोडी होती. ओठ जुळवायला त्याला बराच वेळ लागला.

"आता... सांग."

मी ओठांतले खिळे काढून हातात घेतले. तोंड उघडलं. आत काहीही नव्हतं.

"मला नाही माहीत, दादा," मी म्हणालो. "तूच सांग."

त्याने डोळे मिटले. मला वाटलं झोपला. बाई टिपण करायचं सोडून बसल्या होत्या. वहिनी खोलीत दोन पावलं आल्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते, त्याला शब्द पुरवण्यासाठी. मी पलंगावरून हात उंच करून त्यांना थांबवलं. होय, मी.

"ती..." दादा म्हणाला. बऱ्याच वेळाने, "वाट." आणखी बऱ्याच वेळाने, "बघते."

"कोण ती?" मी विचारलं. सवय, गाण्यातली ती कोण, हा माझा पहिला प्रश्न असतो.

दादाने मूर्खाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. मग मान वळवली, आणि पलंगाच्या पायथ्याशी डोळे पदराने पुसत उभ्या असलेल्या वहिनींकडे बोट केलं.

"ही."

इतकं छोटं निरूपण मी आयुष्यात ऐकलं नव्हतं, आणि त्यात मला भर घालावीशी वाटली नाही.